रक्ताची कुंडली

अज्ञानापासून होणाऱ्या अनर्थांविषयी आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे. अर्धवट ज्ञानापासून होणाऱ्या अनर्थांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. अज्ञानी मनुष्यास आपले काही चुकत असेल अशी शंका येण्याचा निदान संभव तरी असतो; ज्याच्या हाती शास्त्राने दिलेला एक छापील कागद आला, त्यास ती शंका शिवतही नाही. अशाच एका कागदाविषयी, खरे म्हणावयाचे तर एका कार्डाविषयी, आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक वाङ्मयाचा अध्यापक आहे, वैद्य नाही. तेव्हा हा अव्यापारेषु व्यापार होय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर एवढेच की, शास्त्र समाजात उतरते ते शब्दांच्या द्वारे, आणि शब्द जेथे नासतो तेथे बोलणे हे आमचे कामच आहे. शिवाय या प्रकरणात लेखक अगदीच तिऱ्हाईत नाही, हे वाचकांस पुढे कळून येईल.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी सायंकाळी घरी आली. एम.ए. होऊन ती एका शाळेत शिकवू लागली होती, तिचे लग्न ठरले होते, आणि त्या आनंदाचे पेढे घेऊन ती महिनाभरापूर्वीच येऊन गेली होती. या खेपेस तिच्या हातात कार्ड होते. ती महाविद्यालयात असताना तेथे रक्ततपासणीचे एक शिबिर भरले होते, त्यात मिळालेले ते कार्ड. त्यावर ती सिकलसेलची वाहक असल्याची नोंद होती. तिने ते आपण होऊन मुलाकडच्या मंडळींस दाखविले आणि प्रामाणिकपणाचे फळ तिला चार दिवसांत मिळाले: लग्न मोडले. ‘सर, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलून पाहाल का?’ एवढीच तिची विनंती. मी गेलो. मुलाचे वडील चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वाचन असलेले गृहस्थ. त्यांनी चहा दिला, मान दिला, माझे सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, ‘प्रोफेसरसाहेब, मुलगी चांगली आहे, त्याविषयी दुमत नाही. पण रक्तातच दोष असल्यावर आम्ही काय करणार?’ मी विचारले, ‘आपल्या चिरंजीवांचे रक्त तपासले आहे काय?’ त्यावर ते हसले. ‘अहो, आमच्यात असले काही नसते.’

हा लेख त्या एका वाक्याचे उत्तर आहे. ते उत्तर मला त्या बैठकीत नीट देता आले नाही. म्हणून येथे देत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, ते चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी बीटा या नावाच्या साखळीत १४६ दुवे असतात, आणि त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हिमोग्लोबिनचा स्वभाव पालटतो. प्राणवायू कमी पडताच त्याच्या ताठ काड्या बनतात आणि वाटोळी मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. त्यातून पंडुरोग, कावीळ, हाडे पिळवटून टाकणाऱ्या वेदना, लहान मुलांत जीवघेणे जंतुसंसर्ग, क्वचित पक्षाघात, अशी दुःखांची मालिका सुरू होते. हे सगळे एका अक्षराच्या फेरबदलामुळे घडते. मात्र प्रत्येक मनुष्याजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडील व एक बापाकडील. दोन्ही प्रतींत हा बदल असेल तर तो रोगी. एकीतच असेल तर तो वाहक. वाहकास रोग नसतो. तो शेती करतो, पोलिसात भरती होतो, शाळेत शिकवितो, आणि तपासणी झाली नाही तर जन्मभर त्यास याचा पत्ताही लागत नाही.

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक शक्यता रोगी मूल होण्याची, चारांत दोन वाहक होण्याची आणि चारांत एक सर्वथा मुक्त असण्याची. परंतु वाहक आणि हा बदल मुळीच नसलेला मनुष्य यांचा विवाह झाला तर त्यांची एकही संतती सिकलसेलच्या या मूळ रोगाने ग्रस्त होऊ शकत नाही. आता पूर्वोक्त गृहस्थांचा न्याय पाहा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या कुळात ‘असले काही’ खरोखरच नसेल, तर त्या मुलीपासून त्यांच्या नातवंडांस या रोगाचे भय नव्हते. मग लग्न मोडले कशासाठी? आणि भय होते असे म्हणावे, तर मुलाचे रक्त तपासल्यावाचून ते म्हणता येत नाही. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्यांचा निर्णय शास्त्राच्या आधाराने झालेला नाही. शास्त्राचे कार्ड केवळ निमित्तास वापरले गेले. निर्णय दिला तो जुन्याच न्यायाधीशाने, आणि तो न्यायाधीश कोण हे नागपूरच्या वाचकांस सांगावयास नको.

हा निकाल ज्या विद्येच्या नावाने दिला गेला, ती विद्या कशी उभी राहिली हे पाहिले म्हणजे हा अन्याय अधिकच डोळ्यांत भरतो. १९१० साली शिकागोच्या हेरिक नामक डॉक्टरने वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशींची प्रथम नोंद केली. १९४९ साली पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा रोग एका रेणूतील फरकामुळे होतो असे दाखविले. १९५७ च्या सुमारास इंग्रामने तो फरक नेमका कोठे आहे हे शोधून काढले. १९५४ साली ॲलिसनने आफ्रिकेतील पाहणीवरून सिद्ध केले की वाहकांस मलेरियापासून पुष्कळ संरक्षण मिळते. या शेवटल्या शोधाचे महत्त्व फार मोठे आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने पोरे मेली, तेथे हा बदल अंगी असलेली पोरे तुलनेने अधिक जगली, आणि म्हणून तो टिकला. सातपुड्याच्या दऱ्यांत आणि गडचिरोलीच्या अरण्यात तो आढळतो तो तेथील लोक कोणत्या पापाचे फळ भोगतात म्हणून नव्हे. इतरांनी ज्या रानात पाऊल टाकण्याचे धाडस केले नाही, तेथे त्यांचे पूर्वज राहिले आणि जगले, याची ती खूण आहे. त्या खुणेस आम्ही ‘दोष’ म्हणतो. आमच्या व्यवसायात एखाद्या पोथीच्या दोन प्रतींत एखादे अक्षर निराळे आढळले तर त्यास आम्ही पाठभेद म्हणतो, आणि तो कोठून आला, कसा टिकला, त्याने अर्थ कोठे बिघडला व कोठे राखला, हे पाहिल्यावाचून निकाल देत नाही. पोथीस जी सभ्यता आपण दाखवितो, ती मनुष्यास दाखवावयास नको काय?

हिंदुस्थानात हा बदल १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लेहमान आणि कटबुश यांस आढळला. नागपूरचे नाव या शास्त्राच्या इतिहासात आले ते १९५८ साली. शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य हिंदुस्थानातील सिकलसेलविषयीचा आपला लेख ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यक पत्रात त्या वर्षी प्रसिद्ध केला. त्यानंतर महाराष्ट्रात हे काम ज्यांनी आयुष्यभर वाहिले त्यांत पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासींच्या पाड्यांतून त्यांनी कित्येक दशके रक्ततपासण्या केल्या, आणि काही जमातींत शंभरांत वीसहून अधिक माणसे वाहक असल्याचे अशा पाहण्यांतून दिसून आले. २०१९ साली त्यांस पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले. मुंबईच्या राष्ट्रीय रुधिरशास्त्र संस्थेत डॉ. रोशन कोलाह यांनी, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांत डॉ. दीप्ती जैन यांनी हेच काम निरनिराळ्या टोकांनी पुढे नेले. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभारून रोग्यांचे गाऱ्हाणे सरकारच्या कानी घातले.

अशा संशोधकाच्या आयुष्यात नाट्य फारसे नसते. रक्ताची नळी, तिच्यावरील चिठ्ठी, नोंदवही, आणि त्याच कुटुंबाकडे वर्षावर्षाने पुन्हा जाणे, हा त्याचा दिनक्रम. परंतु ज्या प्रश्नामागे तो लागलेला असतो तो प्रश्न फार खोल आहे. अक्षर एकच बदलले असताना एक मूल पाळण्यात दगावते आणि दुसरा मनुष्य साठी गाठतो, हे कसे? ब्रुकलिनमधील जॅनेट वॉटसन या बालवैद्य बाईंनी १९४८ साली एक साधी गोष्ट टिपली: तान्ह्या मुलांत हा रोग काही महिने दिसत नाही. गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही काळ रक्तात असते, तेच मुलाचे रक्षण करीत असावे, असे त्यांनी ताडले. हे गर्भीय हिमोग्लोबिन काही माणसांत मोठेपणीही पुष्कळ उरते. हिंदुस्थानातील रोग्यांत ते सर्वसाधारणपणे अधिक आढळते, आणि ओरिसा व गुजरात येथील रोग्यांवरून आपल्याकडील रोग सौम्य असतो असा समज शास्त्रज्ञांतही रूढ झाला होता. त्या समजास उत्तर दिले नागपूरच्या बालरुग्णांनी. येथील इस्पितळांत येणाऱ्या पुष्कळ मुलांचा रोग मुळीच सौम्य नव्हता. अशा तीव्र रोगाच्या मुलांस हायड्रॉक्सियुरिया हे गर्भीय हिमोग्लोबिन वाढविणारे औषध कमी व ठरीव मात्रेत दिले असता त्यांच्या वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात, असे डॉ. जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले. तोच धागा धरून गर्भीय हिमोग्लोबिनास दाबून ठेवणाऱ्या जनुकाचा शोध लागला, आणि त्या जनुकाची एक कळ तोडणारा उपचार २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत मान्य झाला. पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या एका बाईच्या निरीक्षणापासून तेथवर पोहोचावयास ७५ वर्षे लागली. ज्या विद्येने असा मार्ग चालून दाखविला तिच्यापासून आम्ही नागपूरकरांनी काय घेतले? सोयरीक मोडण्याचे एक कारण!

आता ‘आमच्यात असले काही नसते’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य खरे असावे अशी त्या गृहस्थांची इच्छा समजण्याजोगी आहे. ते खरे मात्र नाही. विदर्भात हा बदल आदिवासींत आणि पूर्वास्पृश्य समाजात अधिक प्रमाणात आहे हे खरे, परंतु कुणबी, तेली इत्यादी समाजांतही वाहक सापडलेले आहेत. सिकलसेल सोडून दिला तरी त्याचा भाऊ थॅलेसेमिया आहे, आणि त्याचे वाहक सिंधी, पंजाबी, लोहाणा इत्यादी समाजांत अधिक आढळतात. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांचा विवाह झाला तर त्यांस होणाऱ्या मुलासही तसलाच दुर्धर रोग होऊ शकतो. आणि केवळ सिकलसेलपुरती साधी चाचणी केलेल्या घरास याची काहीच कल्पना नसते. वैश्य समाजातील काहींस भूल देण्याच्या एका औषधाने धोका होतो, कारण ते औषध पचविणारे द्रव्य त्यांच्या रक्तात कमी असते. अग्रवाल समाजात मेंदूचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार एकाच पूर्वजापासून पसरलेला आढळतो. हैदराबादचे डॉ. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातील शेकडो समाजांच्या जनुकांची तुलना करून दाखविले की यांपैकी पुष्कळ समाज थोड्या पूर्वजांपासून वाढले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह करीत राहिले. त्यामुळे ज्याचे त्याचे खास आनुवंशिक रोग ज्याच्या त्याच्या घरात साठत गेले.

म्हणजे ज्या शुद्धतेचा अभिमान धरून हे गृहस्थ दुसऱ्याच्या रक्ताकडे बोट दाखवितात, ती शुद्धताच त्यांच्या घरातील न तपासलेल्या रोगांची जननी आहे. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. त्यांनी ते समाजशास्त्राच्या अंगाने मांडले. शंभर वर्षांनी जनुकशास्त्र निराळ्या दाराने त्याच खोलीत येऊन पोहोचले आहे. ज्या नागपुरात १९५६ साली लाखो लोकांनी जन्मावरून मनुष्याची किंमत करणारी व्यवस्था टाकून दिली, त्याच नागपुरात प्रयोगशाळेच्या शिक्क्याने ती परत आणली जावी, याहून लज्जास्पद गोष्ट कोणती? आणि यात शास्त्रज्ञांचाही थोडा अपराध आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांची कोष्टके जातवार होती. शोधाकरिता तशी ती असणे कदाचित अपरिहार्य होते. परंतु कोष्टक बाहेर पडल्यावर लोक त्याचा मथळा तेवढा वाचतात, तळटीप वाचीत नाहीत. रोगास जातीचे नाव चिकटले ते असे.

येथवर जे लिहिले ते ज्यांचा पक्ष दुबळा आहे त्यांच्याविरुद्ध. आता ज्यांचा पक्ष बळकट आहे त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात: ‘आपण मोडलेल्या लग्नाचे दुःख सांगता, आम्ही इस्पितळात वेदनेने तळमळणारी पोरे पाहतो. दोन वाहकांचे विवाह टळले तर अशी पोरे जन्मास येणार नाहीत. म्हणून लग्नापूर्वी पत्रिकेऐवजी ही कार्डे जुळवून पाहा, असे आम्ही गावोगाव सांगतो. यात वाईट काय?’ या म्हणण्यामागील कळकळ खरी आहे, आणि लग्नापूर्वी दोघांनीही तपासून घ्यावे हे आम्हांसही मान्य आहे. वाद आहे तो तपासल्यानंतर काय, याविषयी. आणि तेथे अनुभव काय सांगतो ते पाहावे. ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावी, जेथे सुमारे चौथा हिस्सा लोक वाहक होते, तेथे सर्वांची तपासणी करून विवाहाविषयी असाच उपदेश करण्यात आला. काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा, कोणतीही तपासणी न होता दोन वाहकांचे जितके विवाह योगायोगाने झाले असते, तितकेच झाल्याचे आढळून आले. वाहकांकडे लोक हलक्या नजरेने पाहू लागले होते, आणि तपासणीचा निकाल लपविण्याचे प्रकार घडले होते. अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक संस्थानांनी काळ्या लोकांच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. रोग नसलेल्या वाहकांस नोकऱ्या व विमा नाकारले गेले, आणि वायुसेनेच्या विद्यालयाचे दार त्यांस १९८१ पर्यंत बंद होते. याच्या उलट सायप्रसमध्ये थॅलेसेमियाची तपासणी लग्नापूर्वी सर्वांस करावी लागू लागली; तेथे दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही, गर्भावस्थेतील तपासणीचा आधार घेतला, आणि रोगी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. यश कोठे आले? जेथे तपासणी सर्वांची झाली, कोणा एका जातीची किंवा वर्णाची नव्हे. आणि जेथे निकालानंतर मनुष्यास निवड करावयास वाव ठेवला गेला. आपल्या देशातही अशी गर्भतपासणी कायद्यास मान्य आहे. मग आपण सायप्रसचा मार्ग सोडून ऑर्कोमेनॉसचा का धरावा?

शिवाय कार्डास पत्रिकेची उपमा देणाऱ्यांनी पत्रिकेचा इतिहास आठवावा. पत्रिका दोघांची पाहावयाची असे शास्त्र सांगते. तरी मंगळ निघाला की घोर लागतो तो मुलीच्या बापास. मुलाचा मंगळ सोयीने सौम्य होतो, मुलीचा मात्र कडकच राहतो. कार्डाचेही तेच चालले आहे. ज्या समाजात मुलगी दाखविली जाते आणि मुलगा पाहावयास जातो, तेथे ‘दोघांची कार्डे जुळवा’ या उपदेशाचा अर्थ व्यवहारात ‘मुलीचे कार्ड मागा’ असाच होणार. उपदेशकांच्या मनात तसे नसेलही. परंतु ज्या जमिनीत बी टाकावयाचे तिचा गुण पाहिल्यावाचून पेरणाऱ्यास निर्दोष म्हणता येत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सरकारने हा प्रश्न हाती घेतला याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु ‘निर्मूलन’ हा शब्द काळजी उत्पन्न करणारा आहे. देवीचे निर्मूलन झाले, कारण देवीचा जंतू मनुष्याहून निराळा होता. हा बदल मनुष्याच्या आत आहे. तो उपटावयाचा म्हणजे कोणास उपटावयाचे? वाहकाने वाहकेतराशी विवाह केला तरी सरासरीने त्याची निम्मी मुले वाहक होणारच. म्हणजे विवाह जुळवून रोगी जन्मणे कमी करता येईल, जनुक नाहीसे करता येणार नाही. सरकारी कागदात या शब्दाचा अर्थ काहीही असो, खेड्यातील मनुष्य त्याचा अर्थ आपल्या परीने लावतो, आणि तो अर्थ ‘ही माणसे नकोत’ असा होण्यास वेळ लागत नाही.

आणि जी माणसे जन्मास आलेली आहेत त्यांचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलच्या रोग्यास दिव्यांगांच्या यादीत घेतले. उच्च शिक्षणातील राखीव जागांचा लाभ त्यास त्यामुळे मिळू शकतो. पण त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के राखीव जागा ज्या वर्गांकरिता आहेत त्यांत रक्तविकारांचा समावेश नाही. म्हणजे वेदना सोसून तो पदवी मिळवू शकतो, आणि पदवी मिळाली की कायदा त्यास ओळखीनासा होतो! नव्या उपचाराची किंमत अमेरिकेत एका रोग्यास बावीस लक्ष डॉलर आहे. धानोऱ्याच्या किंवा धडगावच्या मुलापुढे तिचे नाव घेणे ही थट्टा आहे. त्या मुलास आज हवे आहे ते जन्मतः निदान, जंतुसंसर्गापासून बचाव, आणि तालुक्याच्या दवाखान्यात खंड न पडता मिळणारे हायड्रॉक्सियुरिया. ही औषधे स्वस्त आहेत, जुनी आहेत, आणि त्यांचा उपयोग याच शहरातील मुलांवर सिद्ध झालेला आहे. ज्या उत्साहाने कार्डे वाटली जातात त्याच्या निम्म्या उत्साहाने ही औषधे वाटली गेली, तर कार्डाचे भयही निम्मे ओसरेल. कारण लोक रोगास भितात त्याहून अधिक ते रोगात एकटे पडण्यास भितात.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. तपासणी सर्व समाजांची व्हावी, आणि तीत सिकलसेलबरोबर थॅलेसेमियाही असावा. निकाल ज्याचा त्याला एकांतात, समजेल अशा मराठीत किंवा त्याच्या बोलीत सांगितला जावा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीसमोर नव्हे. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे वाक्य कार्डावर मोठ्या अक्षरांत छापावे. आणि कोणी मुलीचे कार्ड मागितले तर त्याने प्रथम मुलाचे कार्ड टेबलावर ठेवावे, एवढा शिष्टाचार तरी सुशिक्षितांनी पाळावा. आमच्या विद्यापीठीय बंधूंसही एक विनंती आहे. जनुकांवर निबंध लिहून परदेशी पत्रांत ते छापून आणणे हे मोठे काम आहे, त्यास आमचा प्रणाम. पण ज्यांचे रक्त घेतले त्यांच्याकडे परत जाऊन, ‘तुमच्या रक्तात काय आढळले, आणि त्याचा अर्थ काय नाही’, हे सांगितल्यावाचून ते काम पुरे झाले असे मानू नये.

आरंभी म्हटले होते की लेखक या प्रकरणात तिऱ्हाईत नाही. ज्या शिबिरात त्या मुलीस कार्ड मिळाले, त्या शिबिरास सर्वांनी जावे म्हणून वर्गात आग्रह करणारांत मी होतो. शास्त्राच्या बाजूने उभे राहिल्याचे समाधान त्या दिवशी मला वाटले होते. परवा निघताना उंबरठ्यावर थांबून तिने विचारले, ‘सर, तेव्हा तपासून घेतले नसते तर बरे झाले असते का?’ ‘नाही’ म्हणावे तर तिच्या मोडलेल्या लग्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. ‘होय’ म्हणावे तर ज्या विद्येपुढे आयुष्यभर मान लवविली तिच्याशी ते खोटे बोलणे झाले असते. मी तिला एवढेच म्हणालो की, तू केलेस ते योग्य केलेस, आणि चुकले ते आमचे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालू असतील त्यांनी तिचा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. कारण त्याचे खरे उत्तर माझ्या हाती नसून त्यांच्या हाती आहे.

त्या गृहस्थांच्या चिरंजीवांचे रक्त अद्याप तपासलेले नाही. त्यांस दुसरे स्थळ सांगून आले आहे, असे ऐकतो.